सालवडच्या चढावर बंद पडलेली हाक

देवीशी भांडून आलेल्या बाईने देवीच्याच कृपेविषयी लिहायला बसावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मी खरंच भांडले होते. गाभाऱ्यासमोर उभी राहून, ओटी पुढ्यात ठेवून, पुजारीकाकांच्या देखत तिला म्हणाले होते, "येवढी वरसं पयलं म्हावरं तुला दाखवल्याबिगर विकलं नाय, नि माझं येक साधं इचारणं आलं तर तू गप्प?" आज ते आठवलं की लाज वाटते आणि थोडं हसूही येतं. तिने उत्तर दिलं होतं. मला ते कळायला चार दिवस लागले, एवढंच.

मी बोईसरजवळच्या दांडीची. माहेर दांडी, सासरही दांडीच, मधे फक्त एक देऊळ आणि बोंबील वाळवायच्या काठ्यांची रांग. आमची छोटी बोट आहे. नवरा आणि मुलगा समुद्रावर जातात आणि मी गेली तीस वर्षं म्हावऱ्याची, म्हणजे ताज्या मासळीची, पाटी डोक्यावर घेऊन बोईसरला सालवडच्या चाळींतून फिरते. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वाचायची आवड आहे. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, सुनेने फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. आणि एक गोष्ट स्वतःच्याच तोंडाने सांगते, कारण खोटी नम्रता मला जमत नाही. माझ्यासारखा आवाज आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्या बाईचा नाही. "घ्या गो बाय, बोंबीऽऽल! ताजं म्हावरंऽऽ!" अशी मी पहिल्या चाळीपाशी हाक दिली की वरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या शेवटच्या चाळीतली बाई ताट घेऊन दारात येते. आता म्हणे लोक मोबाईलवर मच्छी मागवतात. मागवू देत बापडे. मोबाईलला कुठे आवाज आहे!

पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा जायला लागल्या, त्या सुमारास माझ्या घशाला काहीतरी होऊ लागलं. आतून कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटे. सालवडला दोन चाळींच्या मधून पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ आहे. तिथे हमखास हे सुरू व्हायचं. हाक अर्ध्यातच बंद पडायची. भिंतीला हात लावून थोडी थांबले, पाटी उतरवून मासे साफ करायला बसले, की पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटायचं. मग मी सगळं विसरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला तयार.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "काटा हाय तो. दुसरं काय नाय." झालं! माझा पारा चढला. दात आले तेव्हापासून मी मासा खाते. काटेरी मासा अंधारातसुद्धा असा साफ खाते की मांजराला काही उरत नाही. माझ्या घशात काटा? हे म्हणजे माझ्या खानदानावरच बोट ठेवणं झालं. मी त्याला म्हटलं, "काटा तुमच्या घशात अडकल, माझ्या नाय." आणि तो होडीकडे गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून, सुक्या भाताचे पाच मोठे गोळे न चावता गिळले आणि वर दोन केळी खाल्ली. काटा असेलच तर जावा खाली! काटा नव्हताच, तर जाणार काय? उलट दिवसभर पोट तेवढं गच्च झालं.

आता खरी कबुली देते. मी सगळ्यांना घसा सांगितला, छाती सांगितली नाही. घशात ते दाबणं सुरू झालं की छातीवरही भरलेली पाटी ठेवल्यासारखं ओझं येत असे, डावा हात जड व्हायचा. पण 'छाती' हा शब्द घरात उच्चारला की काय होतं, ते मला ठाऊक होतं. शेजारच्या माझ्या जावेने एकदा छातीत दुखतं म्हटलं, तेव्हापासून तिला कोणी कळशीसुद्धा उचलू देत नाही. अंगणात खुर्ची टाकून बसवली आहे, सुका जवळा निवडत. माझी पाटी गेली तर माझ्यात उरलं काय? मरणाची भीती मला होतीच, पण खरं सांगते, त्या खुर्चीची जास्त होती.

सून निकिता शिकलेली आणि समजूतदार आहे. ती मागेच लागली, "आई, डॉक्टरकडे चला, अंगावर काढू नका." पण कुठल्या डॉक्टरकडे? मी सांगितलं होतं घशाचं, म्हणून नवरा म्हणे बोईसरला घशाच्या डॉक्टरकडे जा, तो नळी घालून बघतो. मुलगा म्हणे आंबट पाणी वर येत असेल, मामाचंही असंच होतं, पालघरला पोटाच्या डॉक्टरकडे जा. रोज जेवताना हाच विषय. एक घसा म्हणे, एक पोट म्हणे आणि मी मधे बसून आमटी ओरपत दोघांची मजा बघत असे. खरं ज्याला ठाऊक होतं ते माझं मनच गप्प होतं. शेवटी मी जाहीर केलं की देवीला कौल लावते, ती सांगेल तिथे जाते. सगळ्यांना पटलं. मलाही सुटल्यासारखं झालं, कारण निर्णय आता माझ्या डोक्यावरून उतरला होता.

आमच्या गावदेवीला कौल लावतात तो असा. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. आपण मनातलं बोलायचं, उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते, आणि हात जोडून वाट बघायची. मुलाचं लग्न, बोटीचं इंजिन, सगळं आम्ही तिला विचारून केलं आहे. मी म्हटलं, "उजवी पडली तर बोईसर, घशाचा. डावी पडली तर पालघर, पोटाचा. बोल बाय." आणि बसले. पुजारीकाकांची पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, देवळातली माणसं गेली. कळ्या जागच्या हलल्या नाहीत. काका नवऱ्याचे चुलते, त्यांना मी लहानपणापासून ओळखते. ते मान हलवून म्हणाले, "देवी दोनीला हो म्हनत नाय. तुजा सवालच चुकलाय पोरी. सवाल बदल." तेव्हाच मी ते भांडण केलं, जे सुरुवातीला सांगितलं. सवाल चुकलाय म्हणे! तिच्यासमोरसुद्धा मी छातीचं नाव काढलं नव्हतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही. कळ्या फार ओल्या होत्या म्हणून चिकटल्या असतील, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मी काही त्यावर वाद घालायला बसले नाही.

रागाच्या भरात मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाटी उचलली.

इथे मला सरोजविषयी सांगायला हवं. सालवडच्या त्या चढावर मधल्या चाळीत, पहिल्या मजल्यावर ती राहते. तिकडची, उत्तरेकडची. नवरा कारखान्यात कामाला, बहुतेक रातपाळी. शुद्ध शाकाहारी माणसं. मी चढावरून जाऊ लागले की ती खिडकीत पदर नाकाला लावून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी तिने खिडकीतून मला म्हटलं होतं, "मौसी, यहाँ थोड़ा धीरे बोलिए ना, इनकी रातपाली रहती है, अभी सोये हैं." साधं बोलणं होतं, हात जोडूनच बोलली होती. पण माझ्या आवाजाला कोणी हळू म्हटलेलं मला खपतं होय? मी पाटी कमरेवर घेऊन मान वर केली आणि विचारलं, "रस्ता काय तुज्या बापाचा हाय?" आणि त्या दिवसापासून, देवाशपथ सांगते, मी बरोबर तिच्या खिडकीखाली थांबून सगळ्यात मोठी हाक देऊ लागले. इतर ठिकाणी एक, तिथे दोन. दोन वर्षं, फेरीचा एक दिवस चुकवला नाही. बाकीच्या बायका हसायच्या आणि मला आणखी चेव यायचा.

कौलानंतरचा चौथा दिवस. पाटीत बोंबील आणि थोडी कोलंबी होती, अकराचा सुमार, ऊन चांगलंच तापलेलं. चढाला लागले. पहिली हाक दिली, दुसरी द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही. अंगठा घशात असा रुतला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी भिंत धरली. पाटी उतरवायला कोणी तरी हात लावायला हवा होता आणि हाक मारायची तर हाकच बंद. उभ्या जन्मात ज्या आवाजाचा तोरा मिरवला, तोच ऐन वेळी साथ सोडून गेला. मनात म्हटलं, बाय, आता तूच बघ. पहिल्यांदाच मी तिला प्रश्न घातला नाही, अट घातली नाही. नुसतं म्हटलं, बघ.

तेवढ्यात जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. बघते तर सरोज. पदर नाकाला नाही, डोक्यावरून खाली घसरलेला, हात पिठाचे. त्याच हातांनी तिने माझ्या डोक्यावरची पाटी उचलून खाली ठेवली. माशांचं पाणी तिच्या साडीवर सांडलं. मला धरून खालच्याच पायरीवर बसवलं, पाणी आणायला कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि मला म्हणाली, "मौसी, तीन हफ़्ते से सुन रही हूँ. मेरी खिड़की के नीचे आपकी आवाज़ बंद हो जाती है. फिर ऊपर टंकी के पास जाके बैठती हो, तब आती है. पहले मैंने सोचा, आपको हम पर दया आ गयी. फिर परसों झाँक के देखा तो आप दीवार पकड़ के खड़ी थीं." मग तिने खाली वाकून, अगदी हळू विचारलं, "छाती भी दबती है ना?"

घरात कोणाला न सांगितलेलं, देवीपासूनही चोरलेलं, ते मी त्या परक्या बाईसमोर कबूल केलं. मान हलवली आणि रडू कोसळलं. ती म्हणाली, गावी तिची सासू असंच म्हणायची, चालताना गळा धरतो, बसलं की सुटतो. सगळे गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावत राहिले. हे सांगता सांगता तिने पदराने डोळे पुसले. नुसतं म्हणाली, "गले वाला नहीं मौसी, पेट वाला भी नहीं. दिल के डॉक्टर के पास चलो. अभी." घसा नाही, पोटही नाही. उजवी कळीही पडली नव्हती आणि डावीही पडली नव्हती. काका सवाल बदल म्हणाले होते, तो सवाल आता या बाईने बदलला होता.

तिचा नवरा, ज्याची झोप मी दोन वर्षं मोडली, तो डोळे चोळत खाली आला आणि तसाच जाऊन रिक्षा घेऊन आला. मी तेवढ्यातही म्हटलं, माझी पाटी! हसू नका, तीस वर्षांची सवय आहे. त्या माणसाने पाटी उचलली आणि रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर घेऊन बसला. जन्मात माशाला न शिवलेला माणूस, बोंबलांचं पाणी पँटवर गळतंय, आणि पाटी कशी धरली होती तर देवाचं ताट धरावं तशी, दोन्ही हातांनी. मला त्या दुखण्यातही ते दिसलं. पाठीमागे सरोज माझा हात धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने माझ्या फोनवरून निकिताला बोलावत होती.

बोईसरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. तोवर मी बसून बसून मोकळी झाले होते, पट्टीत फारसं काही आलं नाही. मला उठावंसंही वाटू लागलं, म्हटलं चला, उगीचच घाबरलो. मी डॉक्टरांना पुन्हा तेच सांगितलं, "घसा धरतो जरासा." तेव्हा सरोजने मला बोलूच दिलं नाही. पुढे होऊन तिने चढ कुठे लागतो, हाक कुठल्या भिंतीपाशी थांबते, किती वेळाने पुन्हा ऐकू येते, आणि पूर्वी कशी टाकीपर्यंत अखंड यायची, सगळं तारीखवार सांगितल्यासारखं सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "बाई, पट्टी आत्ताची एक मिनिटाची आहे. या ताईंनी तीन आठवड्यांचं सांगितलं. तुम्ही आता चालायचं नाही, उठायचंही नाही." तिथूनच मला गाडीत घालून पालघरला मोठ्या इस्पितळात नेलं. मनगटातून तार घालून बघितलं तर हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद झालेली. त्याच वेळी स्प्रिंग बसवली. नंतर तिथले डॉक्टर निकिताला म्हणाले, आणखी थोडे दिवस घसा-घसा करत बसला असता तर आमच्याकडे आणून उपयोग नव्हता. माझा नवरा, जो वादळात सुकाणू सोडत नाही, तो इस्पितळाच्या बाकावर लहान पोरासारखा रडला. "मी काटा म्हनलो गो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, तुमचं काय चुकलं, छाती तर मीच लपवली होती.

घरी आल्यावर चालायची परवानगी मिळताच आधी देवीकडे गेले. काकांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी स्नान घालताना त्या दोन्ही कळ्या त्यांना हाताने काढाव्या लागल्या. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुष्कळ वेळ ठेवलं. मला वाटे, कौल लावला म्हणजे मी सगळं तिच्यावर सोपवलं. पण दोन दारं मीच उघडून ठेवली होती आणि त्यांतलंच एक निवड असं तिला बजावत होते, तेही अर्धं खरं लपवून. सोपवलं ते फक्त त्या भिंतीपाशी, जेव्हा तोंडातून शब्द निघेना. आणि तिने पाठवलं कोणाला? जिच्यावर मी दोन वर्षं डूख धरला होता, तिला. मी जो आवाज तिला छळायला वापरला, त्याच आवाजाची तिला इतकी सवय झाली की तो थांबल्याबरोबर तिच्या काळजात चर्र झालं. माझ्या वाईटातूनही देवीने चांगलं काढलं. मी केवढ्या देवीची लेक आहे, हा गर्व मात्र मी सोडणार नाही. तो तिनेच दिलाय.

तीन महिने मला पाटी उचलू दिली नाही. अंगणातली ती खुर्ची माझ्याही वाट्याला आली, जावेशेजारी, आणि जवळा निवडताना आम्ही दोघींनी गावातल्या कोणाला सोडलं नाही. मग डॉक्टरांनी हो म्हटलं, पण पाटी डोक्यावर नको आणि ओझं हलकं. मुलाने चाकांची ढकलगाडी करून दिली. पहिल्या दिवशी निकिता बरोबर आली. चढाला लागले. छाती मोकळी, घसा मोकळा, पाय हलके. पहिल्या चाळीपाशी हाक दिली ती अशी गेली की टाकीवरची कबुतरं उडाली आणि बायका "मावशी आली, मावशी आली" करत दारात धावल्या. माझा ऊर भरून आला. पण सरोजच्या खिडकीखाली आले आणि मी तोंड मिटलं. तिचा नवरा झोपला असेल. ज्या माणसाने माझी पाटी मांडीवर धरली, त्याची झोप मी आता मोडणार नव्हते. निकिताला खुणेने सांगितलं, हळू चल. गाडीची चाकंसुद्धा वाजू नयेत म्हणून जपून ढकलत निघाले.

खिडकी धाडकन उघडली. सरोज अर्धी बाहेर वाकलेली, तोंड पांढरंफटक. "मौसी! क्या हुआ? चुप क्यों हो गयीं?" मी बोटाने झोपायची खूण केली, म्हटलं, त्यांची झोप मोडेल बाय. तशी तिच्या मागून तिचा नवराच डोकावला, केस विस्कटलेले, डोळे झोपेने जड, आणि हात जोडून म्हणाला, "मौसी, आवाज़ दो. आप चुप रहती हो तो नींद खुल जाती है."

मी गाडी थांबवली. गावदेवीच्या दिशेला एकदा हात जोडले. आणि त्या खिडकीखाली, इतर ठिकाणी एक तर तिथे दोन, अशा पोटाच्या तळापासून हाका दिल्या.